पडद्यामागे कोण?

गोष्ट ऐकताना लहान मूल विचारते, 'पुढे काय झाले?' वय थोडे वाढले की त्याच गोष्टीविषयी दुसरा प्रश्न मनात उभा राहतो, 'हे असे का झाले?' आणखी काही वर्षे लोटली, जगाचे टक्केटोणपे खाऊन झाले, की तिसरा प्रश्न येतो, 'यामागे कोण आहे?' पहिला प्रश्न कुतूहलाचा, दुसरा विचाराचा आणि तिसरा बहुतेक वेळा संशयाचा. या तिसऱ्या प्रश्नाविषयी आज आम्हांला वाचकांशी थोडे हितगुज करावयाचे आहे. त्याला निमित्त झाली आहे एक इंग्रजी कादंबरीमाला आणि त्याहूनही अधिक, तिचे वाचक.

आमच्या बालपणी घरोघरी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचल्या जात. झुंजार आणि काळापहाड ही नावे प्रार्थनेला बसलेल्या मुलांच्याही ओठांवर असत. खुनी कोण, हे शेवटच्या पानापूर्वी ओळखण्याची चढाओढ भावाबहिणींत लागे. आजच्या मुलांची चढाओढ तीच आहे, पुस्तके तेवढी बदलली आहेत. आमच्या धर्मग्रामातील काही महाविद्यालयीन मुलामुलींनी 'द ड्रेस्डन फाइल्स' या मालेतील एक जाडजूड पुस्तक आमच्या हाती ठेवले, ते जरा भीतभीतच. चेटूक, पिशाच्चे, परीलोक असा सारा मामला. फादर काय म्हणतील कोण जाणे! म्हणून की काय, एकीने लगेच पुस्ती जोडली, "फादर, यात एक कॅथलिक कुटुंबही आहे हं!" या शिफारशीवर आम्ही पुस्तक उघडले आणि पुढच्या काही पावसाळ्यांत मालेतील बरीचशी पुस्तके वाचून काढली.

मालेचे लेखक जिम बुचर हे अमेरिकेतील मिसुरी राज्यातले, जन्म १९७१ चा. त्यांची पहिली कादंबरी 'स्टॉर्म फ्रंट' २००० साली प्रसिद्ध झाली आणि २०२० अखेरपर्यंत मालेत सतरा कादंबऱ्या झाल्या. पूर्वीच्या अद्भुतकथा दूरच्या राज्यांत, किल्ल्यांत नि अरण्यांत घडत. ही कथा घडते शिकागो शहरात. उंच इमारती, पोलीसठाणी, दवाखाने आणि भाड्याची तळघरे यांच्या गर्दीत. तिचा नायक हॅरी ड्रेस्डन हा मांत्रिक असून त्याने टेलिफोनच्या डिरेक्टरीत आपला धंदा उघडपणे नोंदवला आहे. त्याच्या सान्निध्यात विजेची उपकरणे बिघडतात, खिशात पैसा टिकत नाही आणि अंगावरच्या जखमा बऱ्या होण्याआधी नव्या होतात. प्रत्येक पुस्तकात एक वेगळे प्रकरण. पण त्या सुट्या प्रकरणांच्या मागे एक मोठे, न दिसणारे कारस्थान शिजत असावे, असा संशय हॅरीला आणि त्याच्याबरोबर वाचकाला हळूहळू येऊ लागतो. मांत्रिकांच्या अधिकृत मंडळाचे नाव 'व्हाइट कौन्सिल'. म्हणून या अज्ञात कटवाल्यांना हॅरी 'ब्लॅक कौन्सिल' असे नाव देतो. तेथून वाचकांच्या तर्कांना जे उधाण आले, ते ओसरायला तयार नाही.

त्या मुलीने सांगितलेले कॅथलिक कुटुंब आम्हांला खरोखरच भेटले. मायकल कार्पेंटर हा आडनावाप्रमाणे घरे बांधणारा सुतार, अनेक मुलांचा बाप. त्याच्याकडे जी तलवार आहे, तिच्या मुठीत प्रभूच्या क्रुसाचा एक खिळा आहे. अशा तीन तलवारी, त्यांचे तीन धारक. त्यांच्या विरोधात उभी आहेत यहुदा इस्कार्योताची तीस चांदीची नाणी; प्रत्येक नाण्यात एक पतित देवदूत दडलेला आहे. २००३ च्या 'डेथ मास्क्स' या कादंबरीत तर तुरीनचे पवित्र वस्त्रच चोरीला जाते. हा सारा कल्पनेचा खेळ आहे, त्यातून धर्मशिक्षण घेऊ नये, हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नकोच. तथापि, चांगला माणूस नीरस न करता रंगवणे किती कठीण असते, हे लेखणी धरणाऱ्यांना ठाऊक आहे. मायकल तसा उतरला आहे, एवढी दाद दिलीच पाहिजे.

आता वाचकांच्या तर्कांकडे वळू. तरुण मंडळी त्यांना 'फॅन थिअरी' म्हणतात. हे तर्क एवढे फोफावतात का, याला कारणे आहेत. पहिले कारण निवेदनाचे. जवळजवळ सगळी कथा हॅरी स्वतःच्या तोंडाने सांगतो. त्याला जे ठाऊक नाही, ते आपल्यालाही ठाऊक नाही. तो जिथे चुकतो तिथे आपणही चुकतो. दुसरे कारण त्या सृष्टीच्या नियमांत आहे. तेथील परीलोकातील जीवांना असत्य बोलता येत नाही. पण शब्दांची अशी मांडणी मात्र करता येते की ऐकणाऱ्याने स्वतःच स्वतःची फसवणूक करून घ्यावी. म्हणून त्यांचे एकेक वाक्य वाचक वकिली काव्याने उलटेपालटे करून तपासतात. तिसरे कारण प्रतीक्षेचे. पंधरावी कादंबरी २०१४ साली आली आणि सोळावी २०२० साली. मध्ये सहा वर्षे कोरडी गेली. शेत रिकामे राहिले की त्यात काहीबाही उगवतेच.

या तर्कांत पोरकटपणा असतो, तशी बुद्धीची चमकही असते. २००५ च्या 'डेड बीट' मध्ये काऊल नावाचा बुरखाधारी मांत्रिक प्रथम दिसला. तो कोण? कोणी म्हणतो, मेला असे समजला गेलेला एक वृद्ध मांत्रिक. कोणी म्हणतो, हॅरीच्या हातून मेलेला त्याचा गुरूच. आणि कोणी तर म्हणतो, दुसऱ्याच कुठल्या सृष्टीतून आलेला खुद्द हॅरी! त्याच काऊलची सहकारिणी कुमोरी ही प्रेतविद्येचा वापर करून एका मरणोन्मुख माणसाला मदत येईपर्यंत जिवंत ठेवते. मग ती दुष्ट कशी म्हणावी? लेखकाने वाचकांच्या मेळाव्यांत दिलेली उत्तरेही चाहते जपून ठेवतात आणि 'जिमचा शब्द' म्हणून प्रमाण मानतात. ग्रंथ एकीकडे आणि तोंडी परंपरा दुसरीकडे! सेमिनरीत ईशशास्त्राचे धडे गिरवलेल्या आम्हांला हे वाचून हसू आले. कारण हा वाद आम्हांला जरा ओळखीचा वाटला.

आणि कधीकधी हे तर्क फळतातही. २००१ च्या 'ग्रेव्ह पेरिल' मध्ये एका मेजवानीत पाहुण्यांना भेटी दिल्या जातात आणि हॅरीच्या परीलोकातील धर्ममातेला एक खंजीर मिळतो. एवढाच प्रसंग, घाईने वाचणारा तो विसरूनही जातो. तब्बल अकरा वर्षांनी, २०१२ च्या 'कोल्ड डेज' मध्ये उलगडा होतो की मनाला आतून पोखरणारी एक बाधा त्या खंजिरावाटेच परीलोकात शिरली होती. ज्यांनी ती भेट लक्षात ठेवली असेल, त्यांच्या आनंदाला काय तोटा! पेरणाऱ्याने पेरले होते आणि शोधणाऱ्यास सापडले. अशा शोधात गैर काहीच नाही. कादंबरीला कर्ता असतो, त्याने तीत काही हेतुपुरस्सर दडवलेले असते, आणि ते हुडकून काढावे अशी त्याचीही इच्छा असते.

या खेळाचे मूळ शोधू गेल्यास आपण एका धर्मगुरूपाशीच येऊन पोहोचतो, हे आमच्या वाचकांना गंमतीचे वाटेल. १९११ साली ऑक्सफर्ड येथे रोनाल्ड नॉक्स यांनी शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. त्या काळी काही पंडित बायबलच्या ग्रंथांचे तुकडे पाडून 'हा भाग एकाचा, तो भाग दुसऱ्याचा' असे निर्णय मोठ्या आत्मविश्वासाने देत असत. त्यांचीच पद्धत होम्सच्या कथांना लावून नॉक्स यांनी 'दुसरा वॉटसन' शोधून काढला! होम्सच्या कथांवर गंभीर चेहऱ्याने तर्क लढवण्याचा जो खेळ पुढे जगभर रूढ झाला, त्याचा उगम या थट्टेत मानला जातो. नॉक्स त्या वेळी अँग्लिकन होते. १९१७ साली ते कॅथलिक झाले, पुढे धर्मगुरू झाले आणि संपूर्ण बायबलचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले. त्यांच्या थट्टेतील बोच मात्र विसरण्याजोगी नाही. पुरेशी हुशारी आणि पुरेसा हट्ट असला, की कोणत्याही मजकुरातून काहीही सिद्ध करता येते.

हीच गोष्ट संत इरेनियस यांनी इ. स. १८० च्या सुमारास सांगून ठेवली आहे. लिऑन नगरीच्या या बिशपांना पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. त्यांच्या काळी काही लोक पवित्र शास्त्रातील वचने सुटीसुटी उचलून त्यांतून आपली गुप्त ज्ञानाची मांडणी सिद्ध करीत. इरेनियस यांनी त्यांना एक दृष्टांत दिला. कुशल कारागिराने मौल्यवान खडे जडवून राजाची प्रतिमा घडवली. कोणी तेच खडे उपटले, हलवले आणि त्यांतून एक कोल्हा रचला. वर म्हणू लागला, पाहा, राजाची प्रतिमा ती हीच! यातील मर्म असे की खडे खरेच असतात. एकही खडा खोटा नसतो. खोटी असते ती मांडणी.

खड्यांची ही मांडणी पुस्तकात चुकली तर बिघडत नाही. पुढचे पुस्तक येते, चूक उमगते, मंडळी हसतात. पण पुस्तक मिटल्यावर ही सवय मिटत नाही, तेव्हा काय होते?

एक साधी हकीकत सांगतो. ज्यांची ती आहे ते गृहस्थ आता देवाघरी गेले असून, त्यांच्या मुलांच्या संमतीनेच येथे देत आहोत. आम्ही पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो तेथे हे वयस्क गृहस्थ दर रविवारी मिस्सेला येत, बाजूच्या दाराशी शेवटच्या बाकावर बसत आणि प्रवचन सुरू झाले की हळूच उठून बाहेर जात. काही वेळाने परत येत. गावात याची चार स्पष्टीकरणे प्रचलित होती. त्यांचा आधीच्या फादरांशी जमिनीवरून वाद झाला होता म्हणून त्यांना धर्मगुरूंचे शब्द ऐकवत नाहीत, हे पहिले. प्रवचनानंतर फिरणारी दानपेटी चुकवायची असते, हे दुसरे. त्यांचे मन दुसऱ्या पंथाकडे ओढले गेले आहे, हे तिसरे. चौथे आमच्याविषयी होते आणि ते सांगण्याजोगे नाही. प्रत्येक स्पष्टीकरणाला पुरावा होता. जमिनीचा वाद खराच होता, हात आखडता होता हेही खरे, आणि दुसऱ्या पंथाचे एक नातलग त्यांच्याकडे येत असत हेही खरे. पुढे ते आजारी पडल्यावर आम्ही पवित्र कम्युनियन घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागलो, तेव्हा एके दिवशी मिस्कील हसून त्यांनीच कारण सांगितले. शस्त्रक्रियेनंतर त्यांना अर्ध्या तासाहून अधिक लघवी रोखता येत नसे. वेदीवरच्या अर्पणाच्या वेळी उठावे लागू नये म्हणून ते प्रवचनाच्या वेळी जाऊन येत. सांगायचे कोणाला? लाज वाटे. चार वर्षे चार तर्क गावात फिरले. त्यांच्या भक्तीचा पाचवा तर्क कोणालाच सुचला नाही.

वाचकहो, संशयाची गंमत अशी आहे की तो भल्याला सहसा सुचतच नाही. आपण म्हणतो, 'आम्ही सर्व शक्यतांचा विचार करतो'. पण त्या सर्व शक्यतांत माणूस चांगला असण्याची शक्यता धरलेली असते काय?

या बाबतीत ड्रेस्डनचा लेखक आपल्या चाहत्यांहून शहाणा वाटतो. पहिल्या पुस्तकापासून मॉर्गन नावाचा एक कठोर पहारेकरी हॅरीच्या पाठीमागे तलवार घेऊन लागलेला आहे. हॅरी मनाने दुष्टच, अशी त्याची पक्की समजूत. आणि हॅरीच्या तोंडून कथा ऐकल्यामुळे मॉर्गन दुष्ट, अशी आपली. २००९ च्या 'टर्न कोट' मध्ये खुनाचा आळ खुद्द मॉर्गनवर येतो आणि तो आसरा मागायला हॅरीच्याच दारात येऊन कोसळतो. शेवटी उमगते की कौन्सिलमधला फितूर हा कोणी भयंकर चेहऱ्याचा माणूस नव्हता. कागदांची चवड घेऊन सह्या गोळा करीत फिरणारा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला चिटणीस तो! त्याच्या शाईतूनच लोकांच्या मनांवर अंमल बसवला जात होता. आणि मॉर्गन? ज्या स्त्रीच्या हातून, तिच्याही नकळत, ती हत्या झाली होती तिला वाचवण्यासाठी त्याने सारा दोष आपल्या शिरावर घेतला, आणि तो डाग पुसला न जाताच तो मरण पावला. दोघांनी एकमेकांविषयी किती वर्षे केवढी अनुमाने केली! त्या अनुमानांना आधारही होते. माणूस मात्र त्या आधारांच्या मागे उभा होता.

यावर कोणी विचारील, 'फादर, मग काय डोळे मिटून घ्यायचे? चिटणीस फितूर निघतातच ना?' निघतात. सर्पांसारखे चतुर असावे, हे प्रभूनेच आपल्या शिष्यांना बजावले आहे. हिशेब तपासले गेले पाहिजेत, मुले कोणाच्या हाती सोपवतो हे पाहिले पाहिजे, अधिकाराच्या जागी बसलेल्यास, मग तो झगा घातलेला का असेना, प्रश्न विचारले गेले पाहिजेत. यात संशय नाही, जबाबदारी आहे. भेद आहे तो येथे: कृतीची चौकशी करावी, हेतूचा निकाल देऊ नये. 'शंभर रुपये कमी कसे?' हा प्रश्न समोरासमोर विचारता येतो आणि त्याला उत्तर मिळते. 'त्याने मुद्दामच केले असणार' हे वाक्य मात्र पाठीमागेच बोलले जाते आणि त्याला उत्तर देण्याची सोयच नसते.

संत इग्नेशियस लोयोला यांनी 'अध्यात्म साधना' या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच एक दंडक घालून दिला आहे. शेजाऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावण्यास आपण तत्पर असावे. तसा अर्थ लावता येत नसेल, तर त्याला त्यातून काय म्हणायचे होते ते त्यालाच विचारावे. आणि तो चुकला असेल, तर प्रेमाने त्याला सुधारावे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथाने अविचारी दोषारोपाविषयी सांगताना हाच दंडक पुढे ठेवला आहे. पुरेशा आधारावाचून दुसऱ्याचा दोष मनातल्या मनात गृहीत धरणे, हेदेखील तेथे पाप म्हणून गणले आहे. मनातल्या मनात! बोलणे तर दूरच राहिले. यातील मधली पायरी आम्हांला सर्वांत मोलाची वाटते: त्यालाच विचारावे. किती सोपी गोष्ट, आणि किती क्वचित घडणारी! कादंबरीतल्या पात्राला आपण प्रश्न विचारू शकत नाही, म्हणून तर्क करावा लागतो. शेजारी तर कुंपणापलीकडेच उभा असतो.

ड्रेस्डनच्या जगात मांत्रिकाला एक विलक्षण शक्ती आहे. कोणाच्या डोळ्यांत क्षणभर टक लावून पाहिले, की त्या माणसाचा आत्मा त्याला दिसतो. समोरच्यालाही याचा आत्मा दिसतो. हे एका माणसाबाबत आयुष्यात एकदाच घडते, आणि पाहिलेले कधी विसरता येत नाही. अशी शक्ती मिळाली तर किती बरे होईल, असे वाटते खरे. पण २००६ च्या 'प्रूव्हन गिल्टी' मध्ये हॅरी मायकलच्या तरुण मुलीच्या, मॉलीच्या, डोळ्यांत पाहतो तेव्हा त्याला एक मॉली दिसत नाही. निरनिराळ्या वाटांनी निरनिराळ्या झालेल्या, पुढे होऊ शकतील अशा कितीतरी मॉली दिसतात. या मुलीने व्यसनात बुडालेल्या आपल्या दोन मित्रांच्या मनावर मंत्राचा प्रयोग केला होता, त्यांना वाचवण्यासाठी. हेतू प्रेमाचा होता. पण त्या प्रेमात दुखावलेल्या मनाचा रागही मिसळलेला होता, आणि जिथे राग अधिक होता तिथे इजाही अधिक झाली. ही एक मुलगी चांगली की वाईट? नियमाप्रमाणे तिला मृत्युदंडच व्हावयाचा. हॅरी तिची जबाबदारी स्वतःवर घेतो, कारण तिचा आत्मा अजून पुरा व्हायचा आहे, हे त्याने पाहिले आहे. मानवी हेतू असा असतो. एकजिनसी कधीच नसतो, आणि अखेरचा श्वास जाईपर्यंत पूर्णही नसतो. माणूस बाहेरचे रूप पाहतो आणि परमेश्वर हृदय पाहतो, हे शमुवेल संदेष्ट्याला कळले, त्याला आता सुमारे तीन हजार वर्षे झाली.

मग गुप्त अर्थ शोधणे सोडूनच द्यावे काय? आमच्या परंपरेने तर तसे म्हटलेले नाही. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात संत ऑगस्टीन यांना केवढे दिसले! लुटला गेलेला मनुष्य म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, धर्मशाळा म्हणजे ख्रिस्तसभा. आजच्या भाषेत बोलायचे तर तीही एक थिअरीच. पण त्याच ऑगस्टीन यांनी अर्थ लावण्याची एक कसोटीही सांगितली. ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो लावणाऱ्याला शास्त्र अजून कळलेच नाही. उलट कोणाचा अर्थ चुकला पण प्रीती वाढली, तर तो रस्ता सोडून शेतातून गेलेल्या वाटसरूसारखा आहे. पोहोचेल तो मुक्कामालाच, तरी रस्ता सोडण्याची सवय लागू नये म्हणून त्यालाही वाट दाखवावी. माणसांविषयी तर्क करताना ही कसोटी जवळ बाळगली, तर पुष्कळ घरांतील अबोला संपेल असे आम्हांला वाटते.

मालेतील ज्या रहस्याने आम्हांला सर्वांत अंतर्मुख केले, ते सांगून हा लेख आटोपता घेतो. ज्यांना ही पुस्तके वाचावयाची आहेत त्यांनी हवे तर हा मजकूर तूर्त बाजूला ठेवावा. २०१० च्या 'चेंजेस' च्या शेवटी हॅरीवर गोळी झाडली जाते आणि तो मिशिगन सरोवरात कोसळतो. पुढचे पुस्तक यायला सव्वा वर्षाहून अधिक काळ लागला. तोवर वाचकांनी साऱ्या पात्रांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. शत्रू तपासले, मित्र तपासले. २०११ च्या 'घोस्ट स्टोरी' मध्ये हॅरीचा आत्माच आपल्या खुन्याचा शोध घेऊ लागतो आणि शोधाच्या शेवटी त्याला सापडतो तो स्वतः! आपल्या मुलीला वाचवण्यासाठी परीलोकाच्या निर्दय राणीची चाकरी पत्करणे त्याला भाग पडले होते. आपण तिच्या हातचे राक्षस होऊ, या भयाने त्यानेच मारेकरी ठरवला होता आणि मॉलीकडून ती आठवण पुसून घेतली होती. पडद्यामागचा हात त्याचाच होता, आणि पडदाही त्यानेच ओढला होता.

पण तेवढ्यावर उलगडा संपत नाही. तो निश्चय त्याने केला त्याआधी, एका चर्चमध्ये मोडल्या पाठीने निपचित पडलेला असताना, एका पतित देवदूताने त्याच्या कानात केवळ सात शब्द कुजबुजले होते. झाल्यागेल्या साऱ्याचा भार त्याच्याच माथी टाकणारे सात शब्द. ते त्याला स्वतःचेच विचार वाटले. म्हणून न्यायाचा समतोल राखण्यासाठी उरिएल या देवदूतालाही सात शब्द उच्चारण्याची मुभा मिळते. त्याने चमत्कार केला नाही, शत्रूचा नाश केला नाही. ते कुजबुजणे खोटे होते, आणि कोणतीही राणी हॅरीचे मूळ रूप बदलू शकत नाही, एवढेच त्याने सांगितले. तेवढ्याने तो माणूस पुन्हा उभा राहिला.

पापनिवेदनाच्या जाळीआड आम्ही पुष्कळ वर्षे बसत आलो आहोत. तेथील शब्द तेथेच राहतात. पण सर्वसाधारण म्हणून एक गोष्ट सांगण्यास हरकत नसावी. सुनेचा डाव काय, भावाच्या मनात काय, शेजाऱ्याने भिंत का बांधली, याची तपशीलवार माहिती घेऊन येणारे थोडे नसतात. स्वतःच्या मनातल्या पडद्यामागे कोण उभे आहे, हे सांगताना मात्र भल्याभल्यांना शब्द सापडत नाहीत. आणि तो पडदा बाजूला केला, की तेथे दरवेळी दुष्टपणाच असतो असेही नाही. कितीदा तरी तेथे कोणीतरी, कधीतरी कुजबुजलेले एखादे खोटे वाक्य असते. 'तू नकोसा आहेस', 'तुझ्यामुळेच हे झाले', 'तुला क्षमा नाही'. ते वाक्य आपण आपलेच समजून आयुष्यभर वागवलेले असते, आणि त्याच्याच उजेडात इतरांचे हेतू वाचत आलेलो असतो.

कादंबरीतील कटाचा सूत्रधार कोण, याचे तर्क मुलांनी खुशाल लढवावेत. त्याने बुद्धीला धार येते. बुचर यांनी सुमारे वीस पुस्तके आणि अखेरीस तीन पुस्तकांची मोठी समाप्ती अशी योजना पूर्वीच बोलून दाखवली आहे. तेव्हा पुढेही मुलांना पुष्कळ काम आहे. आपल्या घरातल्या आणि वाडीतल्या माणसांचे शेवटचे पान मात्र आपल्यापाशी नाही. ते ज्याच्यापाशी आहे, त्याने आपल्याला एवढेच काम दिले आहे: शंका आली तर जाऊन विचारावे, आणि कोणी सात खोटे शब्द ऐकून खचलेला दिसला, तर आपल्याजवळचे सात खरे शब्द त्याच्यासाठी खर्च करावेत.